सुरकुत्या आणि बिननावाची डबी

गेल्या वर्षी आमच्या भाचीचा निकाह ठरला. आमच्या थोरल्या बहिणीचे, आपांचे, वय पंचावन्न. “पाहुण्यांत मी नवरीची अम्मी नाही, दादी वाटेन,” असे त्या आरशापुढे उभ्या राहून म्हणत. मोहल्ल्यातील एका पार्लरमधून त्यांनी सुरकुत्यांवरचे क्रीम आणले. डबीवर ना कंपनीचे नाव, ना घटकांची यादी. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. आम्हीही कौतुक केले. दोन महिन्यांनी डबी संपली आणि चेहरा लालभडक झाला, पुरळ उठले, उन्हात आग होऊ लागली. निकाहाच्या दिवशी आपा ओढणी पुढे ओढून मागच्या रांगेत बसल्या होत्या.

नंतर आम्ही त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. क्रीममध्ये स्टेरॉइड असावे, असे डॉक्टरबाई म्हणाल्या. स्टेरॉइडने चेहरा सुरुवातीला खुलतो, पण त्वचा पातळ होत जाते आणि थांबवताच भडकते. म्हणूनच 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. काही बिननावाच्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा असतो. तो त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडाला इजा करतो. केरळमधील डॉक्टरांना असे रुग्ण आढळले आहेत.

मग सुरकुत्यांवर खरा उपाय कोणता? वयाबरोबर त्वचेला घट्ट धरणारे कोलॅजन कमी होते. ऊन आणि धूम्रपान ते लवकर कमी करतात. उन्हातील काही किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात. म्हणून पहिला उपाय सावली, ओढणी आणि किमान 30 एसपीएफचे सनस्क्रीन. वुजूत चेहरा धुतला की ते उतरते, म्हणून जोहरनंतर पुन्हा लावावे. पाण्याने न निघणारे असेल, तर आधी साबणाने धुऊन मग वुजू करावा.

दुसरा उपाय ट्रेटिनॉइन हे रात्री लावायचे मलम. फरक दिसायला काही महिने लागतात, सुरुवातीला साल निघते. गरोदरपणी ते वापरू नये आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

बोटॉक्सची गोष्ट वेगळी. 1987 मध्ये कॅनडातील नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स पापण्यांच्या आजारावर हे इंजेक्शन देत होत्या. रुग्णाच्या भुवयांमधल्या आठ्याही गेल्याचे त्यांच्या लक्षात आले. हे औषध स्नायू सैल करते. त्याचा परिणाम साधारण तीन ते चार महिने टिकतो, म्हणजे खर्च पुन्हा पुन्हा. फिलर खळगे भरतात, पण चुकून रक्तवाहिनीत गेले तर त्वचा मरू शकते, दृष्टीही जाऊ शकते. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर पील किंवा लेसर चुकीचे झाले तर काळे डाग राहतात. ही कामे पार्लरची नव्हेत.

हे करणे दीनच्या दृष्टीने योग्य का, असा प्रश्न अनेक भगिनी विचारतात. युद्धात नाक गमावलेल्या अरफजा (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) सोन्याचे नाक लावण्याची परवानगी दिली, हे हदीसमध्ये आले आहे. इजा किंवा व्यंग दूर करणे आणि केवळ हौसेखातर अल्लाहने दिलेला चेहरा बदलणे, यात उलमा फरक करतात. आपला प्रश्न कोणत्या बाजूचा आहे, हे जाणकार आलिमांना विचारावे.

आपांचा चेहरा सावरायला आठ महिने लागले. निकाहाचे फोटो त्या अजून पाहत नाहीत. भाचीने मात्र एक फोटो दिवाणखान्यात लावला आहे, मेहंदीच्या रात्रीचा. त्यात आपा हसत आहेत, डोळ्यांच्या कडेला साऱ्या सुरकुत्या दिसतात. भाची म्हणते, “हीच माझी अम्मी.”

घरात अशी बिननावाची डबी असेल तर आजच बाजूला काढा. ती फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.