घरगुती बिनतारी संगणकजाळ्यातील जोडणीदोष : स्वरूप, कारणे व निदानपद्धती

सारांश

घरातील संगणक आणि बिनतारी राउटर यांच्यातील जोडणी खंडित झाली की सामान्य वापरकर्ता एकतर सेवा पुरवठादारास दोष देतो किंवा हाती लागेल ती मांडणी बदलून पाहतो. प्रस्तुत लेखात या जोडणीचे चार टप्पे करून दोष नेमका कोणत्या टप्प्यावर आहे हे क्रमाने कसे ओळखावे, याचे विवेचन केले आहे. घाईने केलेल्या उपायांमुळे घराची सुरक्षितता कशी धोक्यात येते, याकडेही लक्ष वेधले आहे.

बीजशब्द : बिनतारी राउटर, वायफाय, आय.पी. पत्ता, जोडणीदोष, संगणक सुरक्षा

प्रस्तावना

बिनतारी संगणकजाळ्यांसाठीचे ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावेळी त्याचा कमाल वेग सेकंदाला केवळ २ मेगाबिट होता. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १९९९ मध्ये तो ११ आणि २००३ मध्ये ५४ मेगाबिटपर्यंत पोहोचला. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त करण्यात आला आणि घरोघरी राउटर बसविण्याचा मार्ग मोकळा झाला. आज प्रवेश अर्ज, परीक्षा, बँकेचे व्यवहार व कार्यालयीन कामे याच जोडणीवर अवलंबून आहेत. त्यामुळे तिच्यातील बिघाड ही केवळ तांत्रिक गैरसोय राहिलेली नाही.

असे असूनही या बिघाडाचे निदान बहुधा अंदाजानेच केले जाते. याचे एक कारण भाषेत आहे. संगणकाच्या पडद्यावर ‘जोडलेले आहे’ असे दिसते, तेव्हा वापरकर्ता त्याचा अर्थ ‘इंटरनेट चालू आहे’ असा घेतो. वस्तुतः त्या शब्दांचा अर्थ एवढाच की, संगणक व राउटर यांच्यात रेडिओ लहरींचा दुवा जुळला आहे. त्यापुढील वाटचाल अद्याप बाकी असते.

जोडणीचे चार टप्पे

१. संकेताचा टप्पा : राउटरचे नाव संगणकाच्या यादीत दिसत नसेल, किंवा दिसूनही जोडणी वारंवार तुटत असेल, तर दोष या टप्प्यावर असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाल्यास संकेताची शक्ती एक चतुर्थांश होते. सिमेंट-काँक्रीटच्या भिंती, लोखंडी कपाट, आरसा व पाण्याची टाकी यांमुळे ती आणखी घटते. राउटर माळ्यावर किंवा दूरदर्शन संचामागे ठेवण्याची आपल्याकडील सवय या दृष्टीने अयोग्य आहे. मायक्रोवेव्ह भट्टीही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते. त्यामुळे ती सुरू असताना जोडणी मंदावत असेल, तर कारण तेथेच शोधावे.

दाट वस्तीच्या इमारतींत शेजाऱ्यांचे राउटर हेही एक कारण असते. या पट्ट्यात भारतात १३ वाहिन्या उपलब्ध आहेत, परंतु लगतच्या दोन वाहिन्यांत केवळ ५ मेगाहर्ट्झचे अंतर असून प्रत्येक प्रक्षेपण सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते. म्हणून १, ६ व ११ या तीनच वाहिन्या परस्परांत न मिसळता वापरता येतात. येथे एक सूक्ष्म अडचण संभवते. अमेरिकेतील नियमांनुसार मांडणी केलेल्या काही संगणकांना १२ व १३ या वाहिन्या दिसतच नाहीत. राउटरने आपोआप १३ वी वाहिनी निवडल्यास घरातील इतर उपकरणे चालतात, मात्र तो एक संगणक ‘जाळे सापडत नाही’ असे सांगतो. तसेच जुन्या संगणकातील बिनतारी कार्ड केवळ २.४ गिगाहर्ट्झचे असेल, तर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरील नाव त्यास दिसणार नाही.

२. ओळखीचा टप्पा : नाव दिसते, पण परवलीचा शब्द स्वीकारला जात नाही, अशी तक्रार असल्यास प्रथम तो शब्द दृश्य स्वरूपात टंकित करून पाहावा. इंग्रजी मोठ्या व लहान अक्षरांतील फरक येथे महत्त्वाचा असतो. परवलीचा शब्द राउटरवर बदलला गेला असेल, तर संगणक जुनाच शब्द पाठवीत राहतो. अशा वेळी संगणकातील ते साठविलेले जाळे काढून टाकून नव्याने जोडावे. शब्द बरोबर असूनही जोडणी नाकारली जात असेल, तर सुरक्षा पद्धतीतील विसंगती तपासावी. डब्ल्यू.पी.ए.-३ ही पद्धत २०१८ मध्ये आली. केवळ तीच चालू ठेवलेल्या राउटरशी त्यापूर्वीचे अनेक संगणक जुळू शकत नाहीत. राउटरवर डब्ल्यू.पी.ए.-२ व डब्ल्यू.पी.ए.-३ अशी संमिश्र पद्धत निवडणे हा त्यावरील उपाय होय.

३. पत्त्याचा टप्पा : ओळख पटल्यानंतर राउटर प्रत्येक उपकरणास एक आय.पी. पत्ता देतो. ही व्यवस्था डी.एच.सी.पी. या नावाने ओळखली जाते. घरगुती जाळ्यात हा पत्ता बहुधा १९२.१६८ या अंकांनी सुरू होतो. विंडोज प्रणालीत आज्ञा देण्याची खिडकी उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टंकित केल्यास संगणकाचा पत्ता व ‘डीफॉल्ट गेटवे’ म्हणजे राउटरचा पत्ता दिसतो. संगणकाचा पत्ता १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही व संगणकाने स्वतःच एक तात्पुरता पत्ता धारण केला आहे, असे समजावे. या एका निरीक्षणाने पुष्कळशी शोधाशोध वाचते.

४. बाहेरील मार्गाचा टप्पा : पत्ता योग्य असूनही संकेतस्थळ उघडत नसेल, तर ‘पिंग’ या साधनाचा उपयोग करावा. १९८३ मध्ये तयार झालेले हे छोटे साधन दुसऱ्या यंत्राकडे संदेश पाठवून उत्तर येते की नाही ते सांगते. प्रथम राउटरच्या पत्त्यास पिंग करावे. उत्तर आल्यास घरातील दुवा निर्दोष आहे. त्यानंतर ८.८.८.८ यासारख्या बाहेरील सार्वजनिक पत्त्यास करावे. राउटर उत्तर देतो, पण बाहेरून उत्तर येत नाही, असे आढळल्यास दोष राउटर व सेवा पुरवठादार यांच्या दरम्यान असण्याचा संभव अधिक. बाहेरील पत्ताही उत्तर देतो, तरी संकेतस्थळाचे नाव चालत नाही, असे असल्यास नावांचे पत्त्यांत रूपांतर करणारी डोमेन नेम सिस्टीम तपासावी. संकेतस्थळ सुरक्षिततेचा इशारा देऊन अडत असेल, तर संगणकाचे घड्याळ व दिनांक पाहावेत. घड्याळाची अंतर्गत बॅटरी संपलेल्या जुन्या संगणकांत हा दोष नेहमी आढळतो.

एक उदाहरण

प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका कुटुंबात घडलेला प्रसंग येथे उद्बोधक ठरेल. मुलीच्या प्रवेश अर्जाची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी घरातील लॅपटॉपवर एकही पान उघडेना. संकेत पूर्ण दिसत होता व भ्रमणध्वनीवर त्याच राउटरवरून सर्व काही सुरळीत चालले होते. तरीही राउटरच बिघडल्याचे ठरवून वडिलांनी त्यामागील बारीक छिद्रात टाचणी खुपसून ती दाबून धरली. या कृतीने राउटर पुन्हा सुरू होतो एवढेच नव्हे, तर त्यातील सर्व मांडणी पुसली जाते. सेवा पुरवठादाराने दिलेले वापरकर्तानाव व परवलीचा शब्दही त्यात गेले आणि संपूर्ण घराची जोडणी बंद पडली. अर्ज अखेर शेजाऱ्यांकडे जाऊन भरावा लागला.

मूळ दोष फार किरकोळ होता. तो लॅपटॉप पूर्वी एका कार्यालयात वापरला जात असे व तेथे त्यास १०.०.०.२५ हा कायमचा पत्ता हाताने दिलेला होता. घरातील जाळे १९२.१६८.१ या मालिकेतील असल्याने लॅपटॉप दुव्याने जोडलेला, पण पत्त्याने परका राहिला. ‘पत्ता आपोआप मिळवा’ हा पर्याय निवडताच अडचण दूर झाली. भ्रमणध्वनी चालत होता, यावरूनच राउटर व त्यापुढील मार्ग निर्दोष असल्याचे सिद्ध झाले होते. एकाच उपकरणाला अडचण असेल तर दोष त्या उपकरणात आणि सर्वांना असेल तर राउटरमध्ये किंवा त्यापलीकडे शोधावा, हा निदानाचा पहिला नियम होय.

घाईचे उपाय आणि सुरक्षितता

जोडणी होत नाही म्हणून परवलीचा शब्दच काढून टाकणे हा उपाय अनेक घरांत केला जातो. जोडणी होते, त्यामुळे तो यशस्वी वाटतो, परंतु त्याची किंमत मोठी असू शकते. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद येथे झालेल्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी धमकीचा एक ई-मेल पाठविण्यात आला होता. त्याचा माग नवी मुंबईतील एका रहिवाशाच्या इंटरनेट जोडणीपर्यंत पोहोचला. त्याच्या बिनतारी जाळ्याचा दुसऱ्यांनीच गैरवापर केल्याचे पुढे आले, तरी त्यास चौकशीस सामोरे जावे लागले. राउटरच्या लहरी घराच्या भिंतीपाशी थांबत नाहीत आणि बाहेरच्या जगाला त्या जोडणीवरील प्रत्येक व्यवहार घरमालकाच्याच नावावर दिसतो, हे यावरून लक्षात येते.

डब्ल्यू.ई.पी. या जुन्या सुरक्षा पद्धतीतील गंभीर त्रुटी २००१ मध्येच उघड झाल्या होत्या. एखादा जुना संगणक केवळ त्याच पद्धतीने जोडला जात असेल, तर त्याच्यासाठी सर्व घराची सुरक्षा कमी करण्यापेक्षा तो संगणक तारेने राउटरशी जोडणे श्रेयस्कर ठरते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे स्पष्ट होते की, जोडणीदोषाचे निदान हे यंत्रज्ञानापेक्षा क्रमाचे काम आहे. दोष एका उपकरणात आहे की सर्वांत, हे आधी पाहावे. नंतर संकेत, ओळख, पत्ता व बाहेरील मार्ग हे टप्पे याच क्रमाने तपासावेत. एका वेळी एकच बदल करावा व तो निरुपयोगी ठरल्यास पूर्ववत करावा. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करणे निर्धोक आहे, मात्र मूळ मांडणी पुसणारी कळ दाबण्यापूर्वी सेवा पुरवठादाराने दिलेला तपशील वहीत नोंदवून ठेवावा. अशी एक वही राउटरशेजारी असणे हे कोणत्याही महागड्या उपकरणाइतकेच उपयुक्त आहे. अडचणीच्या क्षणी ती हाताशी असेल, तर दाराचे कुलूप काढून टाकण्याची वेळ घरावर येणार नाही.