बीदर : एक दिवस, दोन्हीकडची चव

सुट्टीत एक दिवस बीदरला द्या. ऊन चढण्याआधी किल्ला गाठा. रंगीन महालातील शिंपल्यांचे जडावकाम पाहा. मग महमूद गवानचा १४७२ सालचा मदरसा. दुपारी नानक झिरा गुरुद्वाऱ्यात लंगर, नाहीतर खानावळीत ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी. चव घरचीच वाटेल. वाटणारच! १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. सीमा आली, भाकरी तीच राहिली. संध्याकाळी बिदरी कारागिरांकडे जा. जस्त-तांब्याच्या भांड्यात चांदी बसवून किल्ल्यातील मातीने ते काळे करतात. घरी परतल्यावर थोरल्यांना जुन्या बीदर जिल्ह्याच्या आठवणी विचारा आणि लगेच लिहून ठेवा. त्या सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.