फौजदार ते गृहमंत्री

सत्तेच्या खुर्चीवर बसलेला मनुष्य आपल्या भयाची कबुली सहसा देत नाही. खुर्ची गेल्यावर देतो, आणि तीही हसत हसत. सप्टेंबर २०२४ मध्ये दिल्लीत आपल्या राजकीय आठवणींच्या ग्रंथाचे प्रकाशन होत असताना श्री. सुशीलकुमार शिंदे यांनी अशीच एक कबुली दिली. देशाचे गृहमंत्री असताना आपण श्रीनगरच्या लाल चौकात हिंडलो, त्याची वाहवाही झाली, परंतु मनातून आपण घाबरलेलो होतो, असे त्यांनी सांगितले. आणि एके काळच्या पोलिसाने असे बोलू नये, अशी मिस्कील पुस्तीही जोडली. विरोधकांनी त्या कबुलीचे राजकीय भांडवल केले. आम्हांला मात्र त्या पुस्तीतच एका दीर्घ कारकिर्दीचे मर्म दिसते. गणवेश उतरवून अर्धशतक लोटले, तरी अंगातला पोलीस गेलेला नव्हता.

१९४१ साली सोलापुरात एका गरीब दलित कुटुंबात जन्मलेल्या या मुलाने कोर्टात पट्टेवाल्याची नोकरी करीत शिक्षण घेतले. पदवी मिळविली, कायद्याचा अभ्यास केला आणि तो महाराष्ट्र पोलिसात फौजदार झाला. मुंबईत गुन्हे अन्वेषण खात्यात सुमारे सहा वर्षे काढल्यावर श्री. शरद पवार यांच्या आग्रहाने त्याने १९७१ साली राजीनामा दिला. पेन्शनीची हमी असलेली सरकारी नोकरी सोडून निवडणुकीच्या बेभरवशाच्या धंद्यात उडी घेणे हे गरिबाघरच्या मुलाला सोपे नसते. विधानसभेचे दार उघडण्यास १९७४ ची करमाळ्याची पोटनिवडणूक उजाडावी लागली. त्यानंतर मात्र मंत्रिपदे येत गेली. अर्थमंत्री या नात्याने त्यांनी राज्याचे नऊ अर्थसंकल्प मांडले. ज्या व्यवस्थेत न्यायाधीशाच्या दारावर उभा राहणारा पट्टेवाला त्याच राज्याचा खजिना सांभाळू शकतो, त्या व्यवस्थेबद्दल मनात कृतज्ञता बाळगलीच पाहिजे. भारतीय प्रजासत्ताकाच्या जमेच्या बाजूस ही नोंद ठळक अक्षरांत करावी लागेल.

परंतु जमाखर्च म्हटला की दुसरी बाजूही पाहणे आले. पोलिसाचा पहिला गुण आज्ञाधारकपणा. शिंदे यांनी तो राजकारणातही सोडला नाही. २००२ साली पराभव ठरलेलाच असताना पक्षाने त्यांना उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत उभे केले. ते उभे राहिले आणि श्री. भैरोसिंह शेखावत यांच्याकडून पराभूत झाले. जानेवारी २००३ मध्ये त्यांना मुख्यमंत्री करण्यात आले. २००४ ची विधानसभा निवडणूक त्यांच्या नेतृत्वाखाली जिंकली गेली, आणि जिंकल्यावर गादी विलासराव देशमुखांना मिळाली. शिंदे निमूटपणे आंध्र प्रदेशच्या राजभवनात गेले. बदलीचा हुकूम हाती पडताच बिस्तरा बांधणारा फौजदार याहून निराळे काय करतो?

२०१२ च्या जुलैअखेरीस हा आज्ञाधारकपणा फळास आला. शिंदे तेव्हा केंद्रात ऊर्जामंत्री होते. ३० आणि ३१ जुलै रोजी विजेची जाळी लागोपाठ दोनदा कोसळली. दुसऱ्या दिवशी तर सुमारे साठ कोटी लोकांचा प्रदेश अंधारात गेला. त्याच ३१ तारखेस ऊर्जामंत्र्यांना बढती मिळून ते गृहमंत्री झाले. ठाण्याच्या हद्दीत दरोडा पडला त्याच दिवशी फौजदाराच्या खांद्यावर आणखी एक तारा चढावा, तसेच हे झाले. १ ऑगस्टला त्यांनी पदभार स्वीकारला, आणि त्याच संध्याकाळी पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाले.

गृहमंत्री म्हणून त्यांनी हुकमांची अंमलबजावणी चोख केली. कसाबला नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्यात आणि अफझल गुरूला फेब्रुवारी २०१३ मध्ये तिहारमध्ये फाशी देण्यात आली. दोन्ही वेळा बाहेर कोणास चाहूलही लागली नाही. गुरूच्या घरी मात्र फाशीची सूचना देणारे टपाल फाशीनंतर पोहोचले. दहशतवाद्याबद्दल आम्हांस तिळमात्र ममता नाही. परंतु कायद्याचे राज्य शत्रूच्याही घरी पत्र वेळेवर पोहोचविते, यातच त्याचे मोठेपण असते.

हुकूम पाळणे आणि जाब देणे यांतला भेद डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत उघडा पडला. एका तरुणीवरील अमानुष अत्याचाराने संतापलेली मुले राजपथावर उतरली. त्यांना भेटण्यास गृहमंत्री का गेले नाहीत, असे विचारता त्यांनी उद्या माओवादी निदर्शने करतील तर त्यांनाही भेटायचे काय, असा सूर लावला. पोलिसाला जमाव दिसतो. मंत्र्याला त्या जमावातली माणसे दिसावी लागतात. पुढल्याच महिन्यात जयपूरच्या काँग्रेस अधिवेशनात त्यांनी हिंदू दहशतवादाचा शब्दप्रयोग केला, आणि फेब्रुवारीत त्याबद्दल खेद व्यक्त करण्याची पाळी त्यांच्यावर आली. गुन्ह्याला धर्माचे नाव लावू नये, हे तपास केलेल्या अधिकाऱ्यास कोणी शिकवावे लागू नये.

याहूनही गंभीर आक्षेप वेगळा आहे. १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने पोलीस दल सत्ताधाऱ्यांच्या मुठीतून सोडविण्याचे मार्ग सुचविले होते. त्याच दिशेने सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशसिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सात निर्देश दिले. महत्त्वाच्या पदांवर किमान दोन वर्षांचा कार्यकाल, बदल्यांसाठी अधिकाऱ्यांचे मंडळ, तपास आणि बंदोबस्त यांची फारकत, नागरिकांच्या तक्रारींसाठी प्राधिकरण ही त्यांतली काही कलमे. पोलीस हा राज्यांचा विषय, ही सबब खरी आहे. परंतु दिल्लीचे पोलीस थेट केंद्रीय गृहमंत्र्यांच्याच हुकमतीखाली होते. दिल्लीतील त्या अत्याचारानंतर नेमलेल्या वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये पोलीस सुधारणांचा आग्रह पुन्हा धरला. गृहमंत्र्यांनी त्या वर्षी बलात्काराच्या शिक्षा कठोर करणारा कायदा संसदेत मंजूर करून घेतला, हे श्रेय त्यांचे. पोलिसांना मोकळे करणारा अध्याय मात्र फाइलीतच राहिला. बदलीचे भय काय असते हे ज्याने फौजदाराच्या टोपीखाली अनुभवले असेल, त्याच्याकडूनही ते काम झाले नाही, तर ते कोणाकडून व्हावे?

२०१४ आणि २०१९ मध्ये सोलापूरच्या मतदारांनी त्यांना नाकारले. त्यांच्या सौजन्याबद्दल विरोधकांनीही कधी शंका घेतली नाही. म्हणूनच हा प्रश्न एका व्यक्तीचा नाही. गोमंतकातील पोलीस तक्रार प्राधिकरणापासून दिल्लीच्या गृहखात्यापर्यंत सर्वत्र विचारावा लागेल असा तो प्रश्न आहे. तळातला माणूस शिखरावर गेला, याचा आनंद आम्ही मानतो. पण शिखरावर गेल्यावर त्याने खाली एक दोर सोडला काय, हेही पाहिले पाहिजे. आडवाटेच्या चौकीत आमदाराच्या दूरध्वनीची वाट पाहत तक्रार नोंदविण्यास कचरणाऱ्या हवालदाराला तो दोर अद्याप मिळालेला नाही. लाल चौकातील भीती मंत्र्याची होती, ती त्यांच्याबरोबरच निवृत्त झाली. हवालदाराची भीती आजही रोज कामावर हजर होते.