कॉम्प्रेसर बदलायचं कोटेशन देण्याआधी क्लच उतरवता आला पाहिजे

मित्रांनो, व्हिडिओत क्लच कसा काढायचा ते बघितलंत. त्यामागचा धंद्याचा हिशोब राहिला होता, तो इथे लिहितो.

गिऱ्हाईक येतं ते मनाची तयारी करूनच. "एसी गार करत नाही, कॉम्प्रेसर गेला म्हणतात." लगेच मान डोलवू नका. आधी फ्यूज, रिले आणि गॅसचं प्रेशर बघा. गॅस कमी असेल तर प्रेशर स्विच क्लचपर्यंत करंट जाऊच देत नाही. करंट येतोय, तरी क्लच ओढत नाही? मग कॉइलला मल्टीमीटर लावा. १२ व्होल्टच्या गाडीत साधारण ३ ते ५ ओहम आले तर कॉइल ठीक, प्लेटची गॅप वाढलीय का ते तपासा. रीडिंगच नाही, तर कॉइल तुटलेली.

आणि हे विसरूच नका: इंजिन बंद ठेवून पुढची प्लेट हाताने फिरवा. अडकत असेल तर आतून कॉम्प्रेसरच गेलाय, नवीन क्लचही जळणार. सहज फिरली तर काम क्लचवर भागण्यासारखं आहे.

काढताना बॅटरीचा निगेटिव्ह सोडा, बेल्ट उतरवा. प्लेट होल्डरने धरून मधला बोल्ट खोला. प्लेट निघत नसेल तर पुलर लावा, स्क्रू ड्रायव्हरने उचकटलीत तर ती वाकते. प्लेटमागे पातळ शिम असतात, त्या मोजून डबीत ठेवा. सुरुवातीला मी एक शिम हरवली आणि तशीच प्लेट बसवली. गॅप कमी पडली, एसी बंद असतानाही प्लेट घासत राहिली आणि दोन दिवसांत जळका वास घेऊन गाडी परत दारात. सगळं काम फुकट करून दिलं, वर बोलणी खाल्ली ती वेगळीच.

पुढे सर्क्लिप काढून पुली, मग दुसरी सर्क्लिप आणि कॉइल. वायर कुठल्या बाजूला होती त्याचा फोटो काढून ठेवा. पुली हातात आहे तोवर बेअरिंग फिरवून बघा, खरखर करत असेल तर आत्ताच बदला. बसवल्यावर फीलर गेजने गॅप मोजा. बऱ्याच कॉम्प्रेसरमध्ये ती ०.३ ते ०.६ मिमीच्या आसपास असते, पण कंपनीने दिलेला आकडाच धरायचा.

यात एकही पाइप खोलला नाही, म्हणजे गॅस काढणं नाही, व्हॅक्यूम नाही, ऑइल नाही. हात घालायला जागा असेल तर कॉम्प्रेसर जागेवरच राहतो. म्हणून कोटेशन देताना पार्ट वेगळा लिहा, मजुरी वेगळी लिहा आणि मजुरी पूर्ण घ्या, लाजू नका. जुनी कॉइल गिऱ्हाइकाच्या हातात द्या.

फक्त फोनवर "क्लच बदलून देतो" असं कबूल करू नका. काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला असा क्लच नसतोच.