वजनाचा दोष एकट्या बिर्याणीला का? रोजचा चहाही मोजू या

रांजणगाव एमआयडीसीच्या शेजारी असलेल्या कारेगावात दिवस चहाने सुरू होतो. ड्युटीला निघताना चहा, सुट्टीत चहा, शिफ्ट सुटल्यावर टपरीवर चहा आणि घरी पाहुणे आले की पुन्हा चहा. वजनाचा विषय निघाला की मात्र सगळ्यांचं बोट बिर्याणीकडे जातं. बिर्याणी जुम्याला नाहीतर दावतीत होते. चहा, खारी, बिस्किट, वडापाव रोज होतात. म्हणून हिशोब रोजच्या खाण्यापासून करू या.

साखर किती जाते?

एका कपात दोन चमचे साखर आणि दिवसाला पाच कप, म्हणजे दहा चमचे. चमचा साधारण 5 ग्रॅमचा धरला तर 50 ग्रॅम साखर, सुमारे 200 कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घेतलेली साखर शक्यतो दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असावी. आपण नुसत्या चहातच त्याच्या दुप्पट घेतो. त्यावर एखादं कोल्ड्रिंक झालं तर विचारायलाच नको.

साखर एकदम बंद केली की चार दिवसांत पुन्हा सुरू होते. त्यापेक्षा दोन चमच्यांचा दीड करावा, पंधरा दिवसांनी एक. पाच कपांचे तीन करावेत. आमच्या घरी हे केलं तेव्हा पहिले आठ दिवस चहा फिका लागला, नंतर जिभेला सवय झाली. अडचण पाहुण्यांची होती. कमी गोड चहा दिला तर कंजूस म्हणतील, ही भीती. मग साखरेची वाटी वेगळी ठेवायला लागलो. बरेच पाहुणे स्वतःहून कमी घेतात.

तेल आणि ताट

एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळपास 120 कॅलरी. बाटलीतून थेट कढईत ओतलं की अंदाज राहत नाही, म्हणून चमच्याने मोजून घालावं. ताटात आधी काकडी-कांदा, भाजी, डाळ किंवा मटकीची उसळ घ्यावी, मग भाकरी आणि शेवटी भात. सालन तेच, फक्त वरची तर्री बाजूला काढायची.

महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत गाजली. दुसरीकडे ऋजुता दिवेकर दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खायला सांगतात. घराघरांत यावरून वाद झाले. आम्हाला वाटतं, नाइट शिफ्ट सांभाळून जी पद्धत वर्षभर टिकेल, तीच आपल्या कामाची.

रमजानचं काय?

महिनाभर रोजे ठेवूनही ईदला नवे कपडे घट्ट होतात, असा अनेकांचा अनुभव आहे. इफ्तारला भजी, समोसे, गोड शरबत, त्यावर पोटभर जेवण आणि पुन्हा सहेरी. प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण अशी की, पोट भरायचंच असेल तर एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा. खजूर, पाणी आणि फळांनी रोजा सोडावा, मगरिबची नमाज पढावी, मग शांतपणे जेवावं. तळण आठवड्यातून एकदा पुरे.

मोजमाप कसं ठेवायचं?

रोज काट्यावर चढू नये, आठवड्यातून एकदा पुरे. कमरेला टेपही लावावा. पुरुषांची कंबर 90 सेंटीमीटरच्या आणि स्त्रियांची 80 च्या वर गेली असेल तर मधुमेह आणि हृदयरोगाचा धोका वाढतो. महिन्याला एक-दोन किलो उतरलं तरी चांगलं समजावं. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी आणि रोजे ठेवण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारावं, कारण साखर अचानक खाली जाऊ शकते.

सगळं एकदम बदलायला जाऊ नका. या आठवड्यात फक्त चहातली अर्धा चमचा साखर कमी करा. तेलाचं पुढच्या आठवड्यात बघू.