अरुंद खाच आणि कोंडलेला भुसा

नवापूर तालुक्यातली विसरवाडी सुरत-धुळे महामार्गावर वसली आहे, आणि हा सगळा पट्टा सागाचा आहे. जवळच्या डांगातल्या सागासाठी इंग्रजांनी 1842 मध्ये तिथल्या भिल्ल राजांशी जंगलाचा भाडेपट्टा केला होता, इतका त्या लाकडाचा लौकिक. अशा मुलखात राउटर हाती घेणाऱ्या सुताराच्या पुढ्यात बऱ्याचदा सागच येतो, आणि सागात अरुंद, स्वच्छ खाच काढणे हे त्या यंत्राचे खरे कसोटीचे काम आहे. दाराच्या चौकटीत बसणारे पॅनेल असो, ड्रॉवरचा तळ असो की कपाटाची पाठ, सगळे या खाचेवरच तोललेले असते. खाच फाटली, काळी पडली किंवा वेडीवाकडी गेली की दोष हाताला नाही तर स्वस्त यंत्राला दिला जातो. माझे मत वेगळे आहे. बहुतेक खाचा बिघडतात त्या एका खेपेत फार खोल जाण्याने आणि भुशाला बाहेर पडायला वाट न ठेवल्याने.

हिशेब साधा आहे. राउटरच्या बिटचा, म्हणजे फिरणाऱ्या कापणीच्या पात्याचा, व्यास निम्मा केला की त्याचा ताठपणा निम्मा होत नाही, तो सुमारे सोळा पटींनी घटतो. म्हणजे 6 मिलिमीटरचे बिट जो जोर सहज पेलते, त्याच जोराने 3 मिलिमीटरचे तितकेच लांब बिट सोळा पट वाकते. ते वाकले की खाचेची भिंत सरळ राहत नाही, आणि जोर वाढला तर बिट मोडते. त्यात भर भुशाची. कापलेले लाकूड मोकळे झाले की मूळ जागेपेक्षा कितीतरी जास्त जागा मागते. 3 मिलिमीटर रुंद आणि 9 मिलिमीटर खोल खाच एकदम काढायला गेलो, तर हा भुसा दोन भिंतींच्या मध्ये कोंडतो, पुन्हा पुन्हा कापला जातो, तापतो आणि बिटला बाजूला रेटतो. सागाचा तेलकट अंश धारेवर चिकटतो आणि धार आणखी घासू लागते. म्हणून एका खेपेची खोली बिटच्या व्यासाच्या निम्म्यापर्यंत ठेवावी. 9 मिलिमीटरला सहा खेपा लागतील, पण दर खेपेनंतर खाच ब्रशने किंवा हवेने साफ करून पुढे गेले की भिंती आरशासारख्या निघतात.

यावर आक्षेप येतो तो वेळेचा: सहा खेपा कोण करणार? पण करपलेली खाच घासायला आणि फाटलेला काठ लांबी भरून झाकायला याहून जास्त वेळ जातो, आणि झाकलेला काठ पॉलिशखाली पुन्हा दिसतोच. दुसरा आक्षेप असा की बारीक बिट नाजूक असते, तर वेग कमी करावा आणि यंत्र हळूहळू ढकलावे. ही समजूत उलटी आहे. 50 मिलिमीटरच्या मोठ्या बिटची कड मिनिटाला 30,000 फेऱ्यांवर सेकंदाला 78 मीटर धावते, म्हणून त्याचा वेग उतरवावाच लागतो. 3 मिलिमीटरच्या बिटची कड त्याच फेऱ्यांवर जेमतेम पावणेपाच मीटर धावते. तिला पूर्ण वेग हवा. आणि दोन धारांचे बिट त्याच फेऱ्यांवर मिनिटाला तीन मीटर सरकवले, तर प्रत्येक धार 0.05 मिलिमीटरचा कीस काढते. तेच बिट रेंगाळत ठेवले तर धार कापत नाही, नुसती घासते, आणि काळा डाग तिथेच पडतो.

काठाचा प्रश्न उरतो. भुसा वर उचलणारे पिळाचे बिट खाच साफ ठेवते, पण वरचा काठ उचकटते. खाली दाबणारे बिट काठ स्वच्छ ठेवते, पण भुसा आत कोंडते. दोन्हींचा मेळ असा घालता येतो: आधी खाचेच्या दोन्ही रेषा धारदार सुरीने ओरखडून घ्याव्यात, म्हणजे लाकडाचे वरचे धागे तुटतात, आणि मग भुसा वर उचलणारे बिट चालवावे. आपले जुने सुतारही पटाशीचा घाव घालण्याआधी रेघ मारत, त्याचे कारण हेच. सरळपणासाठी मार्गदर्शक पट्टी लाकडावर शिकंज्याने आवळली असेल, तर पुढे ढकलताना ती राउटरच्या डाव्या बाजूला असावी. फिरणारे बिट यंत्राला डावीकडे ओढते आणि ती ओढ पट्टीवरच टेकते. आणखी एक बारकावा. बाजारात 6 मिलिमीटरचे आणि पाव इंची, म्हणजे 6.35 मिलिमीटरचे, असे बिटचे दोन्ही शँक, म्हणजे दांडे, मिळतात. पाव इंची कोलेटमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या पकडीत, 6 चे शँक आवळले की ते नीट मध्यावर बसत नाही, घसरूही शकते, आणि 3 ची खाच त्याहून रुंद निघते. मग उगाच यंत्राला दोष दिला जातो.

कार्बाइडचे बिट महाग पडते, साधे पोलादी का चालू नये, असेही विचारले जाते. मऊ लाकडात ते चालते. सागात मात्र सिलिका असते आणि ती पोलादाची धार लवकर मोडते. आपल्या वर्कशॉपमध्ये कार्बाइडला विडिया म्हणतात. ते नाव 1926 साली जर्मनीच्या क्रुप कंपनीने बाजारात आणलेल्या मालाचे, आणि त्याचा अर्थ 'हिऱ्यासारखे'. सागाच्या गावात हा खर्च चैनीचा नाही. उरतो तो हा भुसा. लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच पहिल्या गटात टाकले आहे, तेव्हा खाच काढताना मास्क लावाच. आणि पॅनेलवर यंत्र ठेवण्याआधी त्याच फळीच्या तुकड्यात एक खाच काढून बसवायची प्लाय तिच्यात घालून पाहा. 6 मिलिमीटर म्हणून विकलेली प्लाय बऱ्याचदा त्याहून पातळ निघते.