फसवणारा मराठीत बोलतो, कंपनी कधी बोलणार?

गेल्या जूनमध्ये आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी वडिलांना घेऊन घरी आली. मुलगी डिप्लोमा झालेली, गणितात पहिल्यापासून चांगली. वडील उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला. त्यांनी पिशवीतून कागद काढून माझ्यापुढे ठेवला. एका नामांकित संगणक कंपनीचे नेमणूकपत्र. बोधचिन्ह, शिक्का, सही, सगळे जागच्या जागी. ‘सर, हे खरं आहे का तेवढं बघा,’ वडील म्हणाले. बघायला उशीर झाला होता. लॅपटॉपची अनामत म्हणून अठरा हजार रुपये आधीच गेले होते.

विश्वास कसा बसला, असे मी विचारले. मुलगी म्हणाली, ‘तो माणूस मराठीत बोलत होता सर. बाबांना सगळं नीट समजावून सांगितलं. पगार किती, राहायचं कुठं, हजर कधी व्हायचं.’

मग आम्ही तिघांनी मिळून त्या खऱ्या कंपनीचे संकेतस्थळ उघडले. नोकरीच्या पानावर हसऱ्या तरुणांची मोठमोठी छायाचित्रे, टेबल टेनिसचे टेबल, जग बदलायची भाषा. पगाराचा आकडा नाही. निवड किती टप्प्यांत होते ते नाही. आणि पार तळाशी, बारीक इंग्रजी अक्षरात, कंपनी उमेदवाराकडून कधीही पैसे घेत नाही अशी सूचना. १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली. पैसे परत आलेले नाहीत.

कंपन्या या पानांवर खर्च करीत नाहीत असे नाही. ‘एम्प्लॉयर ब्रँड’ हा शब्द लंडनच्या टिम अँबलर आणि सायमन बॅरो यांनी १९९६ साली एका लेखात मांडला. कंपनीत काम केल्याने माणसाला जे काम, जो पैसा आणि जे समाधान मिळते, आणि ते त्या कंपनीच्या नावाशी जोडले जाते, त्याला त्यांनी हे नाव दिले. आपल्याकडे यालाच पत म्हणतात. उद्यमबागेत मुलाला कामाला लावताना बाप चार ठिकाणी विचारतो, मालक कसा आहे, पगार तारखेला देतो का, हात कापला तर दवाखान्यात नेतो का. या प्रश्नांना संकेतस्थळाने उत्तर द्यायचे असते. पण ते बांधणारे बहुधा दुसऱ्या कंपनीचे संकेतस्थळ समोर ठेवून बांधतात. मग सगळीकडे तेच टेबल टेनिस.

कोणाला आत घ्यायचे हे दारच ठरवते. २००४ साली गूगलने कॅलिफोर्नियात महामार्गाच्या कडेला एक फलक लावला. त्यावर कंपनीचे नावही नव्हते. नुसते गणित होते. ‘ई’ म्हणजे २.७१८२८... ही न संपणारी संख्या. तिच्या सलग अंकांत सापडणारी पहिली दहा अंकी मूळ संख्या शोधा, तोच पुढचा पत्ता. उत्तर ७४२७४६६३९१. त्या पत्त्यावर आणखी एक कोडे, आणि ते सुटले की अर्ज मागणारे पान. ज्यांना गणिताची ओढ आहे तेवढेच आत पोहोचावेत, हे त्यांनी समजून-उमजून ठरवले होते. (माझ्या दहावीच्या वर्गात मी हा फलक दरवर्षी सांगतो. मराठी माध्यमाची मुले त्यावर तुटून पडतात.) आपल्याकडची पाने मात्र न ठरवताच इंग्रजीने निवड करून मोकळी होतात.

‘कंपनीचे काम इंग्रजीत चालते, मग पान मराठीत कशाला?’ हा आक्षेप मला वाचनालयाच्या समितीतही ऐकावा लागला. इंग्रजी यायलाच हवी, मी तीस वर्षे मुलांना तेच सांगतो आहे. पण नोकरीचे पान एकटा उमेदवार वाचत नाही. मुलीला पुण्याला किंवा बंगळूरला पाठवायचे की नाही हे तिचे आई-वडील, क्वचित मामाही ठरवतात. त्यांच्यासाठी त्या पानावर एक ओळ नसते. हे मराठीपुरतेच नाही. शेजारच्या कन्नड शाळेतल्या मुलांचीही हीच गत आहे.

वेगळे दार बांधता येते. तमिळनाडूतल्या झोहो कंपनीने २००४-०५ च्या सुमारास बारावी आणि डिप्लोमा झालेल्या मुलांना स्वतःच प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. फी नाही, उलट विद्यावेतन. संगणकाबरोबर गणित आणि इंग्रजी हेही तिथे शिकवायचे विषय. पुढे तेनकासीसारख्या गावाकडच्या भागात कंपनीने कार्यालय थाटले. त्यासाठी वेगळी जाहिरात काय करायची? गावातली कामावर लागलेली मुले हीच जाहिरात.

योगायोग असा की आमचा एक माजी विद्यार्थी पुण्यात एका छोट्या संगणक कंपनीत असेच पान तयार करतो आहे. गणपतीला आला तेव्हा मराठी मजकूर दाखवायला घेऊन आला. पहिलीच ओळ, ‘आमच्यासोबत वाढा.’ सौ. आतून म्हणाल्या, ‘कुणाला वाढायचंय?’ भाषांतर यंत्राने केले होते. आम्ही ती ओळ खोडली आणि दोन तास बसून साधे मराठी लिहिले. काम काय, ठिकाण कुठले, रात्रपाळी आहे का, बाँड आहे का आणि किती महिन्यांचा, इंग्रजी बोलायची लागते की नुसती वाचायची, फेऱ्या किती, उत्तर किती दिवसांत. अर्ज फोनवरून भरता यावा, कारण आमच्या मुलांकडे तेवढेच यंत्र असते. कंपनीचा ईमेल कोणत्या नावाने संपतो तेही लिहायला लावले, म्हणजे बनावट पत्र ओळखता येईल. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरात, कंपनी कोणत्याही टप्प्यावर पैसे घेत नाही हे वाक्य. मजकूर युनिकोडमध्येच हवा, हे त्यानेच सांगितले. छापखान्याच्या जुन्या फाँटातला मजकूर तसाच चिकटवला तर समोरच्याला नुसती चिन्हे दिसतात.

अडले ते पगारापाशी. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२१ पासून आणि कॅलिफोर्नियाने २०२३ पासून नोकरीच्या जाहिरातीत पगाराची मर्यादा देणे कायद्याने बंधनकारक केले आहे, हे मी त्याला सांगितले. तो हसला. म्हणाला, ‘सर, ते साहेबांना विचारायला लागेल.’

दिवाळीपूर्वी त्याचा फोन आला. पैसे न घेण्याचे वाक्य वर गेले आहे, मराठीत आणि कन्नडमध्येही. कन्नड त्याच्या बेळगावातल्या मित्राने तपासून दिले. बाँडची माहितीही आली. पगाराची जागा अजून रिकामी आहे. त्या मुलीने तिथे अर्ज केला आहे. भरण्यापूर्वी तिच्या वडिलांनी ते पान स्वतः दोनदा वाचले आणि मला फोन करून एवढेच विचारले, ‘सर, पगार का लिहिला नाही त्यांनी?’